पंखा बंद

आप्पा गेले ते पहाटे पावणेतीनच्या सुमारास, घरीच, स्वतःच्या कॉटवर. मार्च २०२३ संपत आला होता. हृदय अगदीच थकलंय हे डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं अचानक असं काही नव्हतं. तरी मी त्यांच्या पायाशी नुसता बसून राहिलो. ताई रडत होती. आई उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं पंखा बंद केला.

मला वाटलं तिला गार लागतंय. म्हटलं, "शाल देऊ का?"

"मला काय करायची शाल? लिहिलंय ना त्यांनी. पहिलं पंखा बंद."

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलेला होता. दोन वर्षं तरी असेल तिथं. रोज शर्ट काढताना मी तो बघायचो आणि बघायचो नाही. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गाडी कामाला आली की जॉबकार्ड निघतं, त्यावर काय-काय करायचं ते ओळीनं लिहिलेलं असतं आणि काम झालं की त्यावर बरोबरची खूण होते. तसंच ते जॉबकार्ड होतं. वरती गाडी नंबरच्या जागी स्वतःचं नाव. खाली: पंखा बंद. डोळे मिटवा, ओला कापूस. मान उशीवर. १९१९ ला फोन, वेळ खरी सांगा. डॉक्टरांचा दाखला, झेरॉक्स चार. दादांना कळवा, विचारू नका. मिरज दहा वाजता, आधार दोघांचं. बांबू आणू नका. आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या पेनानं, नंतर सुचल्यासारखं: चहा.

शेजारी त्यांनीच बांधून ठेवलेलं पेनसुद्धा दोऱ्याला लटकत होतं. बँकेत असतं तसं.

पंख्याचं कारण साधं आहे, पण माणूस गेल्यावर ते कुणाच्या डोक्यात येत नाही. डोळे पुरते मिटलेले नसतील तर वाऱ्यानं बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सुकतो. नेत्रदानात तोच हवा असतो. म्हणून पंखा बंद, पापण्या मिटवायच्या, वर पाण्यात भिजवून पिळलेला कापूस ठेवायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची. मान वर राहिली की डोळे काढताना रक्त कमी येतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत हे व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. घरात एसी असेल तर तो खुशाल चालू ठेवावा. आमच्याकडं नव्हता.

कापूस मी भिजवला. ताटलीत पाणी घेतलं, दोन चपटे पोळे केले, पिळले आणि ठेवायला गेलो तर हात थरथरायला लागला. आप्पांच्या चेहऱ्याला मी शेवटचा हात कधी लावला होता ते आठवेना. शेवटी ताईनं ठेवले. लहानपणी तिच्या वेण्या आप्पा घालायचे, कारण आई सकाळच्या पाळीला बालवाडीवर जायची. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि ग्रीसचा वास. वर्गातल्या मुली म्हणायच्या हिच्या केसाला गाडीचा वास येतो. तीच ताई आता त्यांच्या कपाळावरचे केस मागं करत होती.

१९१९ हा नेत्रपेढीचा नंबर. लागला. पलीकडच्या माणसानं वय विचारलं, वेळ विचारली, कशानं गेले ते विचारलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हटलं तर चालतं म्हणाला. मधुमेह होता, तेही चालतं. चष्मा तर चालतोच. मग कावीळ, एड्स, रक्तात जंतुसंसर्ग असं एकेक विचारत गेला आणि मध्येच, "कुत्रं चावलं होतं का?" मला त्या क्षणी हसू फुटलं. आप्पांना कुत्रं चावलं होतं, १९९१ मध्ये, रक्तदात्याला उठवायला पहाटे गल्लीत गेले होते तेव्हा. पोटात चौदा इंजेक्शनं. मी ते सगळं सांगायला लागलो. तो शांतपणे म्हणाला, "अलीकडं, साहेब. अलीकडं चावलं होतं का?"

डॉक्टरांच्या दाखल्यापाशी पहिला खोळंबा झाला. दवाखान्यात मृत्यू झाला तर कागद तिथंच होतात. घरी झाला तर डॉक्टरांनी येऊन बघायचं आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा, त्याला ४अ नमुना म्हणतात. त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. जवळच्या एका डॉक्टरांनी दाराच्या फटीतूनच सांगितलं, सकाळी बघू. त्यांचंही चुकलं असं म्हणत नाही, पेशंट त्यांचा नव्हता. आप्पांना नेहमी बघणारे डॉक्टर मात्र चार वाजता स्कूटरवरून आले, पायजम्यावर. त्यांनी तपासलं, दाखला लिहिला, सही केली आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांनी हा फॉर्म मला आधीच आणून दिला होता. कोरा. म्हणाले, रात्री-अपरात्री तुमच्याकडं नसला तर?"

सव्वापाचला नेत्रपेढीची दोघं आली. एक मुलगा, एक मुलगी, पंचविशीच्या आतली. हातात मुलांच्या डब्याची असते तेवढी पेटी. खोलीत कुणी थांबलं तरी चालेल म्हणाली, मी थांबलो. आधी रक्ताचा नमुना घेतला, तो तपासल्याशिवाय कॉर्निया कुणाला बसवत नाहीत. मग सगळं मिळून वीस मिनिटं. पूर्वी अख्खा डोळा काढायचे. आता बहुतेक ठिकाणी नुसता तो पडदा आणि त्याभोवतीची पांढरी कड काढतात. गोल, नखाएवढा, पाण्यात पडलेल्या पापुद्र्यासारखा. मुलीनं तो बाटलीतल्या गुलाबी द्रवात सोडला. काढलेल्या जागी पातळ पारदर्शक टोपी बसवली आणि पापणी मिटवली. चेहरा होता तसाच. आत्याला नंतर किती सांगितलं तरी पटेना की भोकं पडलेली नाहीत. ती येऊन जवळून बघून गेली, तेव्हा कुठं पदर खाली घेतला.

दोन डोळे दोघांना जातात, दोघंही कोण ते कधी कळत नाही, कळवतही नाहीत. हे मला माहीत होतं. तरी मी त्या मुलाला जिन्यात विचारलंच, सांगलीतच लागतील का? तो म्हणाला, "लागतील हे नक्की. कुठं ते नका विचारू."

डोळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. देहदानाचं नाव निघाल्यावर घर दोन भागांत उभं राहिलं.

आप्पांनी २००९ मध्ये फॉर्म भरला होता. साक्षीदार म्हणून माझी आणि आईची सही होती. लोकांना वाटतं फॉर्म भरला की झालं. तसं नसतं. तो फॉर्म म्हणजे निव्वळ इच्छा. माणूस गेल्यावर देह वारसांच्या ताब्यात असतो आणि वारसांनी हो म्हटलं तरच कॉलेज घेतं. एकानंही मोडता घातला तर कॉलेजवाले भांडणात पडत नाहीत. आप्पांनी 'कळवा, विचारू नका' असं लिहिलं ते यासाठी.

थोरले काका, म्हणजे आप्पांचे दादा, सातला आले, गावाकडून, सोबत चार माणसं घेऊन. ऐंशी वय. भावाच्या कॉटपाशी बसले, हात हातात घेतला, आणि म्हणाले, "लाकडं कुठं सांगितलीस?"

मी सांगितलं.

"म्हंजे त्याला आग न्हाई?"

"नाही काका."

"मला कुणी इचारलं?"

मी जॉबकार्डाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना ती ओळ वाचावी लागली असती. आईच बाहेर आली. तिनं डोक्यावर पदर घेतला होता, दिरासमोर ती कायम घेते. म्हणाली, "भावजी, त्यांनी आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही. निदान मी तरी त्यांचं ऐकते."

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापाला आम्ही दोघांनी मिळून खांदा दिल्ता." एवढंच. त्यानंतर विरोध नाही, संमतीही नाही. उठून अंगणात बसले. मला त्यांचा राग आला नाही, आजही नाही. पंचाहत्तर वर्षांच्या भावाला निरोप द्यायची जी एक रीत त्यांना ठाऊक होती ती आम्ही काढून घेतली होती, आणि बदल्यात हातात द्यायला आमच्याकडं काही नव्हतं.

मधल्या काळात गल्लीतल्या पोरांनी बांबू आणले होते. चांगल्या मनानं, न विचारता, उजाडायच्या आत. बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, सगळं दाराशी. ते परत द्यायला मी गेलो. अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात कुणी सामान परत करायला येत नसावं. दुकानदार घाबरून उभाच राहिला, त्याला वाटलं माणूस उठून बसला. सांगितल्यावर त्यानं पैसे परत केले, मडक्याचे सोडून. मडकं एकदा घराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं की घेत नाही म्हणाला. ते मडकं अजून आमच्या गच्चीवर आहे, त्यात कोरफड लावलीय.

सांगलीच्या गावभागातून, म्हणजे आमच्या घरापासून, मिरजेचं मेडिकल कॉलेज दहा-बारा किलोमीटर. शववाहिकेत मी, ताई, आई आणि अगदी शेवटच्या क्षणी चढलेले काका. आप्पा ह्याच रस्त्यानं आधी लुनावर, मग स्कूटीवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी जायचे. मिरजेला दवाखाने दाट, लांब-लांबचे पेशंट येतात, कर्नाटकातूनही. परक्या गावात रक्त लागलं की नातेवाईक भांबावतात. कुणीतरी आप्पांचा नंबर देई.

हे काम त्यांनी १९७८ मध्ये सुरू केलं, वयाच्या तिशीत. डेपोतल्या एका कंडक्टरच्या बायकोला बाळंतपणात रक्त लागलं आणि हे देऊन आले. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं. यांनी ते विम्याच्या हप्त्यासारखं पाळलं. पासष्टाव्या वर्षी, २०१३ मध्ये, रक्तपेढीनं आता बस म्हणून सांगितलं तेव्हा सत्त्याण्णव वेळा झालं होतं. "तीनच राहिलेत हो," म्हणून ते तिथल्या डॉक्टरीणबाईंशी वाद घालून आले. दोन दिवस घरात गप्प होते. आई म्हणाली, सत्त्याण्णव काय आणि शंभर काय, सचिनसारखं बॅट वर करायची होती का?

शिबिरांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मांडव टाकून एका दिवसात दीडशे बाटल्या काढतात, त्याच्यावर तर ते चिडायचे. कारण हिशेबाचं होतं. रक्ताचे घटक वेगळे करतात त्यातल्या तांबड्या पेशी पस्तीस-चाळीस दिवस टिकतात. प्लेटलेट फक्त पाच दिवस. शिबिर रविवारी झालं तर पुढच्या शनिवारी त्यातली एक प्लेटलेट उरत नाही, आणि डेंगी काही वाढदिवस बघून येत नाही. "गाडीला डिझेल रोज लागतं," ते म्हणायचे, "वर्षातनं एकदा टाकी उतू घालून काय उपयोग?" म्हणून त्यांची पद्धत वेगळी. रोज दोन माणसं. फोन करून, आठवण करून, जमलं तर मागं बसवून नेऊन. रक्तपेढीत दात्याला कॉफी-बिस्किट मिळतं. आप्पांच्या पिशवीत शिवाय भडंगाची पुडी असायची. सांगलीचा माणूस बिस्किटावर उठत नाही, हे त्यांचं ठाम मत.

कॉलेजात शरीररचनाशास्त्र विभागाच्या मॅडम आमची वाटच बघत होत्या. टेबलावर फॉर्म, डॉक्टरांचा दाखला, आप्पांचं आधार, माझं आधार. वारस म्हणून मी सही करायची. राज्यात यासाठी १९४९ चा कायदा आहे, त्याचा उल्लेख फॉर्मवर होता. मॅडमनी विचारलं, पोस्टमॉर्टेम झालेलं नाही ना? झालेलं असेल तर घेत नाहीत. संसर्गाचे आजार असतील तर घेत नाहीत. नेत्रदान झालं असेल तर अडचण नाही. मग ऑपरेशनं विचारली. मी म्हटलं, मोतीबिंदू, आणि हर्नियाचं.

"जाळी बसवलीय का?"

"हो, उजव्या बाजूला."

"अरे वा," त्या पटकन बोलून गेल्या आणि ओशाळल्या. "म्हणजे, मुलांना दाखवता येईल. पुस्तकात बघतात, प्रत्यक्षात क्वचित मिळते."

आप्पा तिथं असते तर त्यांनी शर्ट वर करून दाखवलं असतं.

विभागाच्या दारात फॉर्मलिनचा वास आडवा येतो. डोळे चुरचुरतात, त्यामुळं कोण रडतंय आणि कोण नाही ते कळत नाही, ही एक सोयच म्हणायची. मॅडमनी समजावून सांगितलं की रक्तवाहिनीतून औषध सोडून देह टिकवतात, मग एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं त्याच्यावर शिकतात, आणि काम संपल्यावर उरलेल्या अवशेषांना कॉलेजच अग्नी देतं. काका हे मागं उभं राहून ऐकत होते. शेवटचं वाक्य ऐकल्यावर पहिल्यांदा पुढं आले. "अग्नी देतात?" त्यांनी विचारलं. "नक्की?" मॅडम म्हणाल्या, "नक्की, आजोबा." काकांनी टोपी काढली आणि परत घातली.

हार आत नेता येत नाही. अंगावरचं धोतर आणि गंजी तिथल्या मावशींनी घडी करून परत दिली. चष्मा आम्ही घालूनच आणला होता, तोही काढून दिला. देहाला क्रमांक पडला, रजिस्टरला नोंद झाली. आईनं पायावर डोकं ठेवलं. मग उठून त्या मावशींना तिनं विचारलं, "ह्यांना जेवणाच्या सुट्टीत एकटं नाही ना ठेवणार?" मावशी म्हणाल्या, "न्हाई ओ आजी, मी हाय की."

बाहेर आल्यावर काय करायचं ते कुणालाच कळेना. स्मशानातून परततात तेव्हा अंघोळ असते, लिंबाचा पाला असतो, पुढं काय ते हजार वर्षांचं ठरलेलं. इथं आम्ही चौघं पार्किंगमध्ये, सकाळचे साडेअकरा, हातात घडी घातलेलं धोतर. तेवढ्यात ताईला आठवलं. म्हणाली, "शेवटची ओळ राहिलीय." समोरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. काका बशीत ओतून. कागद घरीच होता, खूण संध्याकाळी केली.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. खिडकीवरच्या क्लार्कनं स्मशानाची पावती मागितली. मी म्हटलं, नाही. "दहन का दफन?" मी म्हटलं, दोन्ही नाही. त्यांनी वर बघितलं. कॉलेजचं पत्र दिल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "एसटीतले आप्पा का?" त्यांच्या मुलीच्या वेळी आप्पांनी रात्री दीडला माणूस उठवून आणला होता म्हणे. दाखला त्याच दिवशी मिळाला, रांगेतल्या बाकीच्यांपुढं मला जरा लाजल्यासारखं झालं.

दहाव्याचा प्रश्न आत्यानं काढला. अस्थी नाहीत, पिंड कुठं ठेवायचा, कावळा कसा शिवणार? आप्पा रोज सकाळी गच्चीवर चपातीचा तुकडा ठेवायचे, वीस वर्षं. आईनं दहाव्या दिवशीही ठेवला, रोजचाच. दोन कावळे आले, रोजचेच. आत्या म्हणाली, "शिवला, शिवला," आणि विषय संपला.

अकराव्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. मंडळाच्या पोरांनी छापला होता, मला न दाखवता. भावपूर्ण श्रद्धांजली, थोर समाजसेवक. फोटोत आप्पा कोटात. तो कोट माझ्या लग्नातल्या व्याह्यांचा, फोटोपुरता घेतलेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. 'समाजसेवक' शब्दाला तर त्यांचा जुना आक्षेप होता. एसटीत हेल्पर हे खालचं पद, ते तिथूनच वर आले होते. कुणी समाजसेवक म्हटलं की म्हणायचे, "समाजसेवक म्हंजे पांढरी गाडी. आपण हेल्पर." मी पोरांना म्हटलं, शब्द बदलता येतो का? ती म्हणाली, "काका, फ्लेक्सवर हेल्पर कसं लिहायचं?"

खरं सांगायचं तर समाजाचे आणि घरचे आप्पा वेगवेगळे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. शाळेत बक्षीस समारंभाला ते आले नाहीत याचा राग मी कॉलेज संपेपर्यंत जपला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर भांडणच झालं. पाणी चढत होतं. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की नमस्काराऐवजी विचारतात, "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबावरची पातळी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्या वर्षी ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या नेहमीच्या वस्त्या आधी बुडाल्या आणि मग पाणी आमच्याकडं वळलं. आम्ही सामान माडीवर चढवत होतो आणि एकाहत्तर वर्षांचा हा माणूस मंगल कार्यालयातल्या पूरग्रस्तांच्या छावणीत. मी फोनवर ओरडलो, घर बुडतंय आणि तुम्ही कुठं आहात? ते म्हणाले, "तुम्ही चार जण आहात तिथं. हिथं सतरा जणांचं इन्सुलिन आहे आणि लाइट नाही."

त्यांनी मिठाईवाल्याकडून बर्फ मिळवला होता, माठ आणले होते. प्रत्येक शीशीला चिकटपट्टी, पट्टीवर नाव, वेळ आणि किती युनिट. शीशी सरळ बर्फात ठेवायची नाही, गोठली की वाया जाते, म्हणून मध्ये फडकं. पाच दिवस सतराच्या सतरा जणांना वेळेवर सुई मिळाली. हे मला त्यांनी नाही सांगितलं, शोकसभेत त्या सतरांतल्या एका बाईंनी सांगितलं. आणि मला आईची औषधांची डबी आठवली. सात कप्पे, प्रत्येकावर त्याच अक्षरात, तशीच चिकटपट्टी. गेली बारा वर्षं दर रविवारी रात्री ते ती भरायचे. मी ती रोज बघत होतो.

शोकसभा झाल्यावर वह्या उघडल्या. एसटीच्या जुन्या लॉगशीटांच्या पाठकोऱ्या बाजू शिवून केलेल्या, अकरा. रक्तगटाप्रमाणे वेगळ्या. नाव, पत्ता, फोन, शेवटचं दान कधी, पुढचं कधी आणि शेवटच्या रकान्यात शेरा. सगळी गंमत शेऱ्यात. 'उपाशी येतो, आधी खायला घाला.' 'रात्रपाळी, दुपारी दोननंतरच.' 'बायकोशी बोला, ह्याच्याशी नको.' 'हिमोग्लोबिन काठावर, गूळ-शेंगदाणे सांगितलेत.' काही नावांवर रेघ आणि तारीख, ते गेलेले. एका वहीत एकच पान वापरलेलं, त्यावर एकच नाव, लाल चौकटीत. बॉम्बे ग्रुप. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला हा दुर्मीळ गट. साध्या तपासणीत ओ वाटतो, पण ह्या माणसाला ओ सुद्धा चालत नाही, फक्त ह्याच गटाचं चालतं. शेरा होता: 'शिबिराला कधीही बोलवायचं नाही. जपून. दिवाळीला फोन.'

बी पॉझिटिव्हच्या वहीत चाळताना माझं नाव निघालं. नोंद १९९८ ची, मी अठरा पूर्ण केल्याच्या दुसऱ्या दिवसाची. शेवटचं दान: रिकामं. पुढचं: रिकामं. शेरा: 'सुईला भितो. आग्रह नको.' त्याच पानावर खाली, नंतरच्या शाईत: 'गाडी चांगली चालवतो. रात्री दात्याला आणायला सांगितलं तर जातो.'

पंचवीस वर्षांत ते मला एकदाही रक्त दे म्हणाले नव्हते. "जरा पलूसपर्यंत जाऊन येतोस का," एवढंच म्हणायचे, आणि मी कुरकुरत जायचो.

वह्यांमधल्या सगळ्यांना फोन करायचं ठरवलं. ताईनं ओ घेतला, मी बी, भाचीनं ए आणि एबी. चारशेच्या वर नावं. रोज पंधरा-वीस. सुरुवातीला मी आप्पा गेल्याचं सांगायचो आणि समोरचा रडायला लागला की मला सुचायचं नाही. मग ताईनं सांगितलं, तू नुसतं कळवतोस, म्हणून ती माणसं अडकून पडतात. शेवटच्या रकान्यातलं बोल. तसं केलं. "आप्पा गेले. त्यांनी लिहिलंय तुम्ही दुपारी दोननंतर मोकळे असता, अजून तसंच आहे का?" की माणूस नाक ओढून म्हणायचा, "आता रिटायर झालो, कधीपण सांगा."

आप्पांचा नंबर बंद करायचा नाही असं ठरलं. फोन आईजवळ असतो. परवा पाऊस लागून राहिला होता, रात्री नऊला तो वाजला. मी स्वयंपाकघरात होतो. कर्नाळ रोडकडचं कुणीतरी, नेमानं दरवर्षी विचारणारं. आईनं स्पीकर लावला.

"आप्पा, आयर्विनला किती?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मोबाईलवर पातळी काढून बोटांनी दाखवली.

"बत्तीस," ती म्हणाली. "आणि आप्पा नाहीत, मी बोलते. म्हातारीला आजच वर न्या, उद्यावर ठेवू नका. तिच्या गोळ्या घेतल्यात का बघा आधी."